चालणारा कचरा

कीटकांच्या प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्याला सगळे लख्खभाऊ म्हणत. फरशीत तोंड दिसलं पाहिजे, हा त्याचा बाणा. दिसणारं तोंड कोणाचं, याला त्याचा इलाज नव्हता.

त्या सोमवारी त्याने तिथल्या संशोधक बाईंचं टेबल पुसलं आणि घात झाला. उघड्या बशीत कापूस-धुळीचा एक बारीक गोळा पडला होता. तो त्याने सुपलीत घेतला.

घटकाभरात बाई धावत आल्या. "लख्खभाऊ, बशीतली अळी कुठंय?"

"अळी नव्हती. कचरा होता."

"अहो, तीच अळी! जाळीपंखी गणातली. झाडांवरचे मावा किडे शोषून खाते आणि त्यांचीच सालपटं, धूळ पाठीवर लादून फिरते. मुंग्यांना वाटावं, कचरा आहे."

"मुंग्यांनाच कशाला..." तो पुटपुटला.

"दोन वर्षं शोधत होते मी! आता पंख फुटल्यावर तिची जात ठरवणार होते. संध्याकाळपर्यंत सापडली नाही, तर उद्यापासून येऊ नका."

 लख्खभाऊने कचऱ्याचं पोतं पांढऱ्या चादरीवर पालथं केलं, पंखा बंद केला आणि उकिडवा बसला. जे आयुष्यभर नजरेआड केलं, ते आता डोळ्यांत तेल घालून बघायचं. बाईही भिंग घेऊन शेजारी बसल्या.

"घाण पण करत असेल जिथं तिथं," तो कुरकुरला.

"मुळीच नाही. अळी असेपर्यंत ती शी करतच नाही. सगळं पोटात साठवते, पंख फुटल्यावर एकदाच उरकते."

 वरच्या मजल्यावरचा संडास लख्खभाऊच्या डोळ्यांपुढून गेला. तीस वर्षांत इतका सज्जन जीव त्याला या इमारतीत भेटला नव्हता. आता तो नोकरीसाठी शोधत होता की तिच्यासाठी, त्याचं त्यालाच कळेना.

चारच्या सुमाराला चादरीच्या कडेला झाडूचा थोडा भुसा सरकला. वारा तर नव्हता. जुनं ओझं गेलं म्हणून बया त्याच्याच झाडूचं ओझं घेऊन निघाली होती.

"बाई, ती बघा."

"तो कचरा आहे, लख्खभाऊ."

"सकाळी मी तेच म्हणालो, तर नोकरी जात होती."

बाईंनी भिंग वळवलं, तर भुशाखाली पाय हलत होते. मग बशी आणली, या खेपेला झाकणासकट.

"उद्या येऊ ना?"

"या. झाकण मीच विसरले होते."

काही दिवसांनी बशीत हिरवी, जाळीदार पंखांची नाजूक बया बसली होती आणि तिच्या मागे एक काळा ठिपका. लख्खभाऊने फडकं काढलं, ठिपक्याकडे बघितलं आणि पुन्हा खांद्यावर टाकलं.