त्या रविवारी मी साक्ष दिली नाही

वैशाखऱ्याजवळच्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे. गेल्या श्रावणात एका गुरुवारी, भर दुपारी निरोप आला की वरच्या पाड्यावरची पहिलटकरीण अडली आहे. पाड्याला रस्ता नाही. नवरा आणि दीर तिला बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणत होते, सासू सोबत होती, पण ओढ्याला पाणी चढलं होतं, म्हणून ते पलीकडेच अडकले. पाणी उतरून मी पलीकडे पोहोचेपर्यंत फार वेळ गेला होता. खडकावरच बाळंतपण केलं. मुलगी झाली. ती रडली नाही. मी तिला श्वास देत राहिले. शेवटी तिच्या आजीनेच माझा हात धरून मला थांबवलं.

रविवारी मुरबाडला एका घरी आमच्या ख्रिस्ती मंडळीची उपासना होती. बायबलमधला याकोबाचा अध्याय वाचला. दगडावर डोकं ठेवून झोपलेल्या त्या माणसाला जाग आल्यावर कळतं की देव इथेच होता. मग पाळकांनी प्रत्येकाला या आठवड्यात देव कुठे दिसला याची साक्ष द्यायला सांगितलं. एकीला एसटीत जागा मिळाली होती. एकाच्या घरी पाहुणे यायच्या आत गॅस आला होता. सगळे आमेन म्हणत होते. माझं डोकं तापलं. मी उभी राहिले.

"मला नाही दिसला," मी म्हणाले. "मी खडकावरच होते."

आणि निघून आले.

सोमवारी सकाळी पाळक उपकेंद्रात आले. मला वाटलं, आता समजूत घालतील. त्यांनी फक्त पाड्याची वाट विचारली. मी सोबत गेले. चिखलात ते दोनदा पडले. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

ती बाळंतीण पोरगी भिंतीला टेकून बसली होती. पाळकांनी प्रार्थना करू का, असं विचारलं. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "देव व्हता का नाय, ते नका सांगू. सिस्टर व्हत्या."

मला ते लागलं. मी होते, पण उशिरा. आणि तो उशीर माझ्या एकटीचा नव्हता. त्या ओढ्यावर साकव, निदान पायी जाण्यापुरता पूल, बांधा म्हणून पाड्याने किती अर्ज केले, ते सासऱ्याने कुडाच्या भिंतीतून कागद काढून दाखवले. पाळकांनी ते एकेक करून वाचले.

घरी आल्यावर मी मार्काचं शुभवर्तमान उघडलं. वाळलेल्या हाताचा माणूस समोर उभा असताना, त्याला बरं करावं का असं विचारल्यावर गप्प बसलेल्या लोकांकडे येशूने रागाने पाहिलं, असं तिथे आहे. लहानपणापासून वाचत आले, पण तो राग मी कधी थांबून पाहिला नव्हता. आम्हाला शिकवलं होतं की राग आला की देवापासून लांब जातो आपण. त्या संध्याकाळी मला देव इतका जवळ वाटला, जितका उपासनेत कधीच वाटला नव्हता.

नवा अर्ज मी लिहिला. पहिला अंगठा त्या पोरीचा, खाली पाळकांची सही. तालुक्याच्या कचेरीत आम्ही तिघं चार वेळा जाऊन आलो. साहेब पाहणी करून गेले. साकव अजून झालेला नाही.

माझा राग आहे तसा आहे. तो जावा म्हणून मी प्रार्थना करत नाही.