भावोजींची पाच मिनिटं

आमच्या भावोजींच्या मते या भूतलावर लांब असं काही नाहीच. जे काही आहे ते सगळं चालत पाच मिनिटांवर आहे. मिठबावच्या त्यांच्या घरापासून समुद्र पाच मिनिटं, वर सड्याच्या कातळमाळावरची त्यांची हापूसची कलमं पाच मिनिटं, कुणकेश्वराचं देऊळ पाच मिनिटं, आणि देवगड? "पाच मिनटां. पण पाणी घे बरोबर." सायकल ते शिकले नाहीत. कुणाच्या स्कूटरवर मागे बसले तर वळणावर गाडी जिकडे कलते त्याच्या बरोबर उलट बाजूला ते कलतात, त्यामुळे एकदा बसवलेला माणूस त्यांना पुन्हा बसवत नाही. एसटीचा त्यांना राग नाही, कीव आहे. "गाडयेत बसान माणूस खंय जाता रे? गाडी जाता. माणूस बसलेलोच आसता," असं ते मला, म्हणजे त्यांच्या मेव्हण्याला, कुडाळच्या स्टँडवर ऐकवतात. तेही मिठबावहून एसटीने आल्यावर.

या माणसाशी आमच्या आक्काचं लग्न झालं, हा विधात्याच्या मोजक्या यशस्वी विनोदांपैकी एक. माझी ही थोरली बहीण रस्त्याने चालत नाही, रस्त्याची ख्यालीखुशाली विचारत जाते. कुणाच्या परड्यात अबोली फुलली, कुणाची गाय व्याली, कुणाच्या सुनेचं तोंड का उतरलंय, हे सगळं बघून आणि विचारून झालं की मग ती पुढचं पाऊल टाकते. भावोजी छत्री काखेत मारतात, मान खाली घालतात आणि सुटतात. लग्नाला चाळीसेक वर्षं होत आली, पण दोघं एका वेळी कुठे पोचल्याचं कुणी पाहिलेलं नाही. एकदा देवगडच्या एका लग्नाला भावोजी पहाटेच चालत निघाले आणि मांडववाल्यांच्याही आधी हजर झाले. यजमानांपैकी कुणीतरी त्यांना आचाऱ्याचा माणूस समजून नारळांच्या ढिगापाशी बसवलं. भावोजींना नाही म्हणणं जमत नाही. दुपारी आक्का एसटीने पोचली आणि पंगतीला बसली, तर तिचा नवरा कमरेला पंचा गुंडाळून सोलकढी वाढत समोरून येत होता. आक्का मुळीच दचकली नाही. वाटी पुढे करून म्हणाली, "वाढा. तुमचा जेवान झाला?"

मिठबावचं त्यांचं घर रस्त्याच्या खाली, माडांत. रस्त्यावरून घरात उतरायला चिऱ्याच्या पायऱ्यांची घाटी. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आक्का त्या शेवाळल्या पायऱ्यांवरून घसरली. भावोजी सड्यावर होते, हाक ऐकायला जवळ कुणी नव्हतं. घोटा धरून ती पावसात पायरीवर बसून राहिली, ती भावोजी जेवायला परतले तेव्हा त्यांना दिसली. घोटा बरा झाला, पण गुडघ्याने कायमची कुरकुर धरली आणि डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या. पायऱ्या बंद म्हणजे घरच बंद. मुलीने ठाण्याला बोलावलं. पण भावोजी पूर्वी एकदा तिच्याकडे राहून आले होते. सकाळी दूध आणायला निघाले, रस्ता ओलांडायला वाव मिळेना, आणि शेवटी रिकामी पिशवी घेऊन परत आले. "थंय माणसान चलाचा नसता, पळाचा आसता," हा त्यांचा ठाण्याबद्दलचा अंतिम निकाल. मग दोघांनी ठरवलं की कलमं कराराने द्यायची, घराला कुलूप लावायचं आणि कुडाळला भाड्याने जागा बघायची. मी तिथे शाळेत शिकवतो, तेव्हा एक घर तरी आपलं. भावोजींची अट एकच, सगळं चालत पाच मिनिटांवर पाहिजे.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत दोघं माझ्याकडे येऊन राहिली आणि घरशोध सुरू झाला. भाडं काय, पाणी कधी येतं, असले प्रश्न भावोजींना क्षुद्र वाटत. ते घरात शिरायच्या आधी घरापर्यंतची वाट तपासत. मासळी बाजारातून ताजे बांगडे घ्यायचे, त्या जागेपर्यंत चालत जायचं आणि दाराशी पिशवी उघडून बघायची. वाटेत शिळे होऊन बांगड्यांचे डोळे लालसर दिसले तर जागा बाद. त्या दिवसांत आमच्याकडे इतके बांगडे झाले की मांजरसुद्धा तोंड फिरवून जाऊ लागलं. भर दुपारी बोडक्या डोक्याने चालून झाडांची सावली किती मिळते तेही बघायचं. पण सगळ्यात निर्दय परीक्षा निराळीच होती. वाटेत भेटेल त्या पहिल्या माणसाला स्टेशनचा रस्ता विचारायचा. त्याने हात करून दिशा दाखवली तर ठीक. "रिक्षान जावा" म्हणाला, तर अख्ख्या आळीवर फुली. "हंयच्या लोकांका आपले पाय खंय आसत ताच म्हायत नाय!" एका नव्या इमारतीतली जागा खरोखर छान होती. लिफ्ट होती, वारा होता, स्वयंपाकघरात आक्काच्या उंचीचा ओटा होता. पण निघताना वॉचमनने आपणहून, भल्या मनाने, "रिक्षा बोलवू काय, काका?" असं विचारलं आणि ती इमारत भावोजींच्या लेखी जमीनदोस्त झाली.

यात आक्काचं व्हायचं काय, तर ती पोचेपर्यंत निकाल लागलेला असायचा. ती हाशहुश करत फाटकाशी यायची आणि भावोजी फाटकातून बाहेर पडत असायचे. "मी येतंय तवसर तुमी परत फिरलेले," ती एकदा चिडून म्हणाली. "माका घर तरी बघूंदेत! नुसती फाटकां बघलंय मी." भावोजींनी ते ऐकलं असावं, पण तोवर ते बरेच पुढे गेले होते.

मग तो बाजाराचा दिवस. आम्ही तिघं सकाळीच निघालो होतो. स्टेशनच्या बाजूला एक जागा बघायची होती. भावोजी पुढे, त्यांना गाठण्यासाठी धावत मी, आणि मागे आक्का. जागेशी पोचलो, बांगडे पास झाले, सावली पास झाली. आक्का आली नाही. "येतली," भावोजी म्हणाले. आम्ही थांबलो. तिचा मोबाइल माझ्या घरी चार्जिंगला लावलेला. "भाजी बघीत बसली आसतली," ते म्हणाले. आणखी थांबलो. मग ते छत्री या हातातून त्या हातात घेत राहिले, आणि एकदम माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "घाटयेर बसलेली तशी खंय बसली नसात मगे?"

आम्ही उलटे फिरलो. त्या दिवशी मी भावोजींना प्रथमच मान वर करून चालताना पाहिलं. प्रत्येक दुकानात डोकावत होते, प्रत्येक अंगणात बघत होते. कोपऱ्यावरच्या फुलवालीला त्यांनी विचारलं, "एक बायल माणूस जाताना बघलंस गो? जरा लंगडता."

"पातळ कसला नेसलेली?" तिने विचारलं.

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते अगदी कसनुसे होऊन म्हणाले, "माका काय म्हायत? मी फुडे आसतंय."

पिठाच्या गिरणीमागे एक अरुंद गल्ली आहे. तिच्यात वळलो आणि आक्का दिसली. एका जुन्या कौलारू घराच्या कट्ट्यावर ती बसली होती, आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत लालभडक. भावोजींनी फक्त हात पाहिले. छत्री आणि बांगडे रस्त्यात टाकून ते धावले. "काय झाला गो? खंय लागला? खंय लागला?" तिचे हात धरून उलटेपालटे करायला लागले, तेव्हा शेजारी बसलेली म्हातारी बाई खळखळून हसली. दोघींच्या मध्ये टोपलीभर रतांबे, म्हणजे कोकमाची पिकली लाल फळं, होते. त्या ते फोडून सोलं वाळत घालत होत्या.

"रक्त न्हय, रतांबे ते," आक्का म्हणाली. "गुडघो आयकना, म्हणान बसलंय. ह्येनी पाणी दिल्यानी. आणि अहो, घर बघलंय."

ती बाई साड्यांना फॉल-बिडिंग करून देत असे. एकटीच राहायची. घराच्या बाजूच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. भावोजींचा श्वास जागेवर आला तशी त्यांची परीक्षकवृत्तीही आली. त्यांनी खोल्या बघितल्या. समोर गटार, गिरणीची दिवसभर घरघर, झाड औषधाला नाही. रस्त्यात पडलेल्या बांगड्यांपैकी दोन तर कुत्र्याने नेले होते. शेवटी त्यांनी गल्लीतून जाणाऱ्या एका माणसाला स्टेशनचा रस्ता विचारला.

"लांब पडात, काका," तो म्हणाला. "रिक्षान जावा."

भावोजींनी विजयी मुद्रेने आक्काकडे बघितलं. आक्काने फडक्याला हात पुसले. आवाज चढवला नाही. "तुमका चलाचा आसा तर चला," ती म्हणाली. "माका रवाचा आसा. हंय दाराक पायरी नाय, बसाक कट्टो आसा, आणि हाक मारली तर ओ देवक माणूस आसा."

शेवटच्या वाक्याला भावोजींची विजयी मुद्रा उतरली. मग खाली वाकून त्यांनी एक रतांबा उचलला आणि उगाच हातात फिरवत बसले.

 दुसऱ्या दिवशी सकाळी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझी भैण चलता कशी रे? चलान दाखय." मी अंगणात चालून दाखवलं. त्यांनी तसं चालायचा प्रयत्न केला, पण चार पावलांत ते फाटकाबाहेर. मग त्यांनी एक तोड काढली. बाजारात जाऊन तांदळाच्या दोन जड पिशव्या घेतल्या, दोन हातांत दोन लगाम, आणि त्या गल्लीपर्यंत चालत गेले. परत आले ते दुपार उलटल्यावर, घामाघूम, आणि दारातूनच ओरडले, "अरे, वाटेक घरां आसत!" गिरणीवाला मिठबावच्या कुणाचा तरी जावई निघाला होता. फुलवालीने विचारलं होतं, मेळली काय रे बायल? एकाने तर पिशवी हातातून घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत सोबत केली होती. सगळं सांगून झाल्यावर ते आक्काला म्हणाले, "जागा बरी आसा. गिरणीचो आवाज आसा, पण तुझ्या घोरण्यापेक्षा कमी."

"तुमका कसा ऐकाक येता?" आक्का म्हणाली. "तुमी तर झोपेतसुद्धा फुडे गेलेले आसतास."

पावसाआधी ती दोघं तिथे राहायला गेली. आता बाजारात ती एकत्र जातात. जाताना भावोजींची पिशवी मुद्दाम जड असते, कधी तीत नुसता नारळ आणि वरवंटा असतो. भावोजींची तक्रार अशी की हिच्याबरोबर निघालं की अर्ध्या कुडाळाची दुखणी ऐकावी लागतात. पण परवा मला वाटेत अडवून, गिरणीवाल्याच्या सुनेला दिवस गेल्याची बातमी त्यांनीच दिली.

यंदा आंब्याच्या दिवसांत मी त्यांना माझ्या गाडीतून मिठबावला नेलं. आक्का वर रस्त्यावर गाडीत बसली. भावोजी आणि मी खाली उतरलो. घर ठीक होतं. पण दारापासून विहिरीपर्यंतची वाट दिसेना. कमरेएवढं वाळलं गवत, त्यात घाणेरी माजलेली. "वाट मोडली," ते म्हणाले. पडवीतून कोयता आणला आणि वाकून गवत कापायला लागले. मी म्हटलं, करारवाल्याला सांगू. त्यांनी ऐकलं नाही. विहिरीच्या वाटेच्या निम्म्यापर्यंत गेले असतील, तेवढ्यात वरून आक्काची हाक आली. "अहो, काय करतास खाली?"

"वाट करतंय."

"कित्याक? कोण येताला?"

भावोजी थांबले. कापलेल्या आणि न कापलेल्या गवताकडे त्यांनी एकदा बघितलं. "पाऊस पडलो की परत वाढतला," ते स्वतःशीच म्हणाले, आणि जरा वेळाने, "वाढूं दे." कोयता पुसून त्यांनी वाशाला खोचला, कुलूप दोनदा ओढून बघितलं आणि ते वर आले.

परतताना दोघं मागच्या सीटवर होती. भावोजींच्या लेंग्याला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली होती. ते खिडकीबाहेर बघत होते, आणि आक्का कुडाळ येईपर्यंत एकेक कुसळ उपटून काढत होती.