भर मैदानात घेतलेलं नाव

नात माझ्या गुडघ्यांना कापराचं तेल चोळू लागली आणि त्या वासानं मला पासष्टच्या लढाईच्या वर्षातलं जबलपूरचं कुस्तीचं मैदान आठवलं.

आमचे हे तोफांच्या कारखान्यात होते. सुट्टीच्या दिवशी फ्रीस्टाईल कुस्ती खेळायचे, म्हणजे हार-जीत आधीच ठरलेला तिकिटाचा खेळ; त्यात वर्षानुवर्षं पहिल्याच जोडीत हरायचे. चाळिशी उलटल्यावर त्यांना शेवटच्या मोठ्या कुस्तीत खलनायकाचं काम मिळालं. निघताना म्हणाले, "लोकं शिव्या देतील. तू काहून गप्प बसशील? तूही ओरडजो."

ह्यांनी समोरच्याच्या डोळ्यांत माती फेकली. लोक खवळले, शेंगांची टरफलं उडाली. मी उभी राहिले आणि उखाण्याबाहेर कधी न घेतलेलं नाव घेतलं, "शामराव, हाय हाय!"

शेजारी बसलेल्या सासूबाई बघतच राहिल्या. तेव्हा मी घाबरले होते. आज वाटतं, अजून मोठ्यानं ओरडायला हवं होतं. कारण त्या गोंगाटातही ह्यांनी नेमकं माझ्याकडे पाहिलं, आणि खलनायक चक्क लाजला.