दुसऱ्यावर घ्या

प्रेमदास वर्ध्याच्या पोलीस वायरलेसवर ऑपरेटर. पिपरी मेघेहून सायकलनं यायचा, अन् सेट उघडून बसला की जेवणाचीही शुद्ध नसे. जिल्ह्याला चॅनल एकच. दोन साहेब बोलायला लागले की हवालदारानं कितीही बोंब मारली तरी कुणाच्या बापाला ऐकू येत नसे! म्हणून त्र्याऐंशी साली त्यानं जुन्याच सेटांत दुसरं चॅनल जोडलं, बाजूला एक बटण लावलं. हवालदारांना सांगितलं, "मी 'पह्यला सोडा, दुसऱ्यावर घ्या' म्हटलं का बटन फिरवजा." शिपायांना शिकवायचं तेवढं राहून गेलं.

त्याच उन्हाळ्यात एका गावात विहिरीवरून दोन पार्ट्या भिडल्या. भरदुपारी डोकी फुटली, एकाचा कान तुटून चिखलात पडला. गस्तीची जीप नेमकी तिथं सापडली. आत किसनराव हवालदार, प्रेमदासचा जिवलग दोस्त, अन् बंदूकवाला शिपाई तानबा.

"प्रेमदास, मदत धाड! मारून राह्यले आमाले!"

गावाचं नाव यायच्या आत साहेबांची बडबड घुसली. मदत धाडायची कुठं? फट मिळताच प्रेमदास ओरडला, "पह्यला सोडा, दुसऱ्यावर घ्या!" अन् स्वतःचं बटण फिरवून वाट पाहत बसला.

तिकडे डोक्यात धोंडा बसून किसनराव जीपपाशी कोसळले होते. समोरून दोघं धावत आले. पुढच्याच्या हातात कुऱ्हाड, तानबाची बंदूक त्याच्यावरच रोखलेली. तेवढ्यात सेटमधून हुकूम आला. तानबानं पहिला सोडला अन् दुसऱ्यावर गोळी घातली.

दुसरा होता लक्ष्मणराव, पहिल्याचा सख्खा भाऊ. हात रिकामे, कुऱ्हाड हिसकायला धावला होता बिचारा! तो छाती धरून पडला. सोडलेल्या पहिल्यानं किसनरावांच्या मानेवर तीन घाव घातले.

इकडे प्रेमदास मोकळ्या चॅनलवर "बोला ना जी किसनराव, गाव सांगा" म्हणत बसला होता. तानबाच्या किंकाळ्या पहिल्या चॅनलवर चालल्या होत्या.

चौकशीत तानबा प्रेमदासकडे बघून रडला, "तुमीच त सांगतलं, भाऊ."

पुढं नोकरी प्रेमदासनं केली, पण सेटवर नुसतं "बटन फिरवा" म्हणे. एकदा जेवताना बायको पंचफुला सवयीनं बोलून गेली, "पह्यली झाली, आता दुसरी घ्या." तो ताटावरून उठला अन् अंगणात जाऊन भडाभडा ओकला. तेव्हापासून पंचफुला न बोलता पोळी वाढते.