खिंडीतल्या भिंतीची दर्शनी बाजू

गवंडीबुवांना दर्शनी बाजूचं वेड होतं. चाळीस वर्षांत त्यांनी उभ्या केलेल्या सगळ्या भिंती बाहेर उभं राहून बांधलेल्या. तोंड असं गुळगुळीत की सांध्यात नख शिरू नये, आणि आतून मात्र आनंदीआनंद. त्यांच्या स्वतःच्या घरात भिंतीला टेकलं की पाठ खरचटायची. "लोकांसाठी बाहेरून राजवाडा, माझ्यासाठी आतून खवणी," बायको म्हणे. बुवा हसून कानाडोळा करत.

शत्रूचं सैन्य डोंगर चढू लागल्याची खबर आली, तेव्हा गावकऱ्यांच्या तुकडीने भिंत घालून खिंड बंद करायचं ठरवलं. तुकडीचा म्होरक्या बुवांचा मेहुणाच. तो म्हणाला, "दाजी, चढायला बांबूची परांची आतल्या अंगाला बांधा."

"तोंड न बघता कुणी भिंत बांधतं का रे?" बुवा फणकारले. झालं! परांची बाहेरच उभी राहिली. गावात होते नव्हते तेवढे दोर तोडून तिच्या बांधण्या केल्या, आणि हातभर जाडीच्या भिंतीत आरपार भोकं ठेवून आडवे बांबू खोवले.

चौथ्या दिवशी सकाळी बुवा वरच्या थराला ओळंबा लावून बघत होते, तोच खालच्या वळणावर धूळ उठली. सैन्य अंदाजापेक्षा दोन दिवस आधीच येऊन ठेपलं होतं.

"दाजी, या आत! टाका उडी!" मेहुणा ओरडला.

बुवांनी एक पाय भिंतीवर टाकलाही. मग सहज खाली नजर गेली. परांची म्हणजे शत्रूला आयता जिना. वरून ढकलून दिली तरी खोवलेले बांबू राहणार, त्यांच्या पायऱ्या होणार. भिंतीआड तीस माणसं, त्यांच्यामागे अख्खं गाव. आणि परांची सोडायची तर वरून खाली, म्हणजे सोडणारा शेवटी भिंतीबाहेर, जमिनीवर. आपल्या हट्टाचा त्यांना असा राग आला की डोळे भरून आले. पाय त्यांनी मागे घेतला.

बांधण्या कापत, बांबू उपसत, भोकं दगडांनी बुजवत ते उतरले. वरच्यांनी चादरींना गाठी मारून खाली सोडल्या, पण बुवांचा भार पडताच त्या निम्म्यावर फाटल्या. दोन्हीकडे उभा कडा. त्यांनी भिंत चाचपून पाहिली. बोट ठरेल तर शपथ! आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आपल्या कामाला शिवी हासडली.

छातीच्या उंचीवर एक शेवटचं भोक उरलं होतं. त्यातून बायकोचा हात बाहेर आला, चुन्याने पांढरा झालेला. चार दिवस ती आत माल कालवत होती.

"अहो, हे राहू द्या ना. एवढ्याशा भोकानं काय होतंय?"

"सुरुंगाची दारू मावते गं त्यात."

तिने त्यांची बोटं घट्ट धरली. घोड्यांच्या टापा आता स्पष्ट ऐकू येत होत्या.

"मला भीती वाटतेय," बुवा म्हणाले. असं ते तिला कधीच म्हणाले नव्हते.

मग तिने हात आत घेतला. "द्या तो दगड इकडे. आतून मी बसवते. तुमच्या हातानं आतली बाजू कधी नीट झालीय?"

बुवांनी दगड आत सरकवला. पलीकडून तिने तो ओढून घेतला, ठोकून बसवला. भिंतीला पाठ लावून ते तिच्या थापीचा आवाज ऐकत राहिले.