पोळ्यांच्या डब्याला खिडकी

धातूच्या डब्याला भोक पाडणं सोपं आहे. हातात ड्रिल देऊन मला एकटं सोडलं, तर मी कशालाही भोक पाडू शकतो. घरच्यांना तसा अनुभव आहे. अवघड असतं ते माइकची वायर खुपसायचं सॉकेट नेमकं बसेल असं भोक. ते जरा लहान झालं तर सॉकेट आत जात नाही, आणि जरा मोठं झालं तर आत जातं ते थेट डब्याच्या तळाशी.

त्या वर्षांत कतारमध्ये भोकं पाडण्याची साथच आली होती. वर्ल्ड कप यायचा होता आणि त्याच्या स्वागतासाठी सगळा देश खणायला काढला होता. अल मुंतझा भागातल्या आमच्या गल्लीचं तोंड सकाळी एकीकडे असायचं आणि मी दुखान गावाहून ड्युटी करून परत येईपर्यंत दुसरीकडे. बाल्कनीतून क्रेन दिसायच्या, ट्रक दिसायचे आणि दिवसभर कुठे ना कुठे जमिनीत काहीतरी घुसत असायचं. अशा उत्साही वातावरणात माणसाच्या हाताला खाज सुटणारच.

पण मला निमित्तही होतं. माझी बायको गाते. उत्तम गाते. आदल्या दिवाळीत आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी पहाटेला ती शाळेच्या हॉलमध्ये गायला बसली आणि तिच्या पहिल्याच हलक्या आलापाखाली स्पीकरमधून एक आवाज सुरू झाला: घुंऽऽ. जुना फ्रिज करतो तसा. तिने सूर लावला की घुं, ती थांबली की आणखी मोठा घुं. कार्यक्रम तिने संपवला, टाळ्याही पडल्या, पण घरी येताना गाडीत ती शांतपणे म्हणाली, "खलास. आता मी घरातच गाईन."

पुढच्या दिवाळीला मंडळाने विचारलं, तेव्हा ती नाही म्हणाली. आणि मी, ज्याला कोणी काही विचारलं नव्हतं, तो म्हणालो, "मी एक छोटा अॅम्प्लिफायर करतो. माइक आणि स्पीकरच्या मधे ठेवायचा. घुं बंद."

"एकदाच," ती म्हणाली. "घुं आला तर मी तिथून उठून येईन. मग स्टेजचं नाव काढायचं नाही. मंडळाने नाही आणि तुम्हीही नाही."

म्हणजे तिचं पुढचं सगळं गाणं माझ्या सोल्डरिंगवर टांगलेलं होतं. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मी आनंदाने शिट्टी वाजवत सर्किट जोडलं.

सर्किट दह्याच्या प्लास्टिकच्या डब्यात छान चाललं. फक्त घुं होताच. त्याला बाहेरून धातूचं कवच हवं होतं, चारी बाजूंनी बंद. दुकानातून अॅल्युमिनियमचा एक देखणा डबा आणला, आणि शुक्रवारी सकाळी बाल्कनीत ड्रिल लावून, पूर्ण वेगात, त्याचा सत्यानाश केला. भोक गोल असायला हवं होतं. ते आंब्याच्या कोयीसारखं झालं.

दर शुक्रवारी आमच्याकडे पोहे खायला वरच्या मजल्यावरचा एक साताऱ्याचा सिव्हिल इंजिनिअर यायचा. तो एका स्टेडियमच्या कामावर होता आणि बशीतले शेंगदाणेसुद्धा ओळीत लावून खायचा. त्याने ते भोक उजेडाकडे धरून पाहिलं.

"राव, यातून सॉकेट काय, मेट्रो जाईल."

"कानशीने सारखं करतो."

"करा की. पण मग डबा उरणार नाही. नुसतंच भोक उरेल." मग स्वयंपाकघराकडे वळून, "वहिनी, यंदा माइकशिवायच गा. मी पुढच्या रांगेत बसतो, मला ऐकू येईल!"

आत कढईवर झारा जरा जोरात आपटला.

माझी मुलगी मान वर न करता म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ होल." तिला मराठी सगळं कळतं, फक्त ती ते आमच्यावरच सोडून देते.

दुकानदार म्हणाला, तसा डबा आता पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला. दिवाळी त्याच्या आधी होती. मी हे जेवताना जाहीर केलं, तेव्हा बायको उठली, पोळ्यांचा मोठा स्टीलचा डबा रिकामा केला, पुसला आणि माझ्यासमोर ठेवला.

हा डबा तिच्या आईने लग्नात दिलेला. आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते भांडं दिलं असं कोणी मानत नाही. सासूबाईंनी तर घालताना काहीच राखून ठेवलं नव्हतं. चि. सौ. कां. पासून सप्रेम भेटीपर्यंत, गाव, तिथी, सगळं टिंबाटिंबांनी कोरलेलं. मजकूर इतका लांब की डब्याला कंबरपट्ट्यासारखा गोल फिरून शेवटचा शब्द पहिल्या शब्दाला येऊन टेकला होता.

"आईच्या अक्षरांना धक्का लागता कामा नये," बायको म्हणाली.

स्टील ही वेगळीच जात आहे. घाई केली की ते तापतं, निळं पडतं आणि असं हट्टाला पेटतं की पुढे ड्रिल नुसतं गुळगुळीत फिरत राहतं. म्हणून मी या वेळी सभ्य माणसासारखा वागलो. अक्षरांच्या वरच्या पट्टीत, काठाखाली, सॉकेटची जागा मापून घेतली. तिथे कागदी चिकटपट्टी लावली, तिच्यावर पेन्सिलने वर्तुळ काढलं. डब्याचं पोट एवढं मोठं की छोट्या सॉकेटला ते जवळजवळ सपाटच. आत लाकडाचा ठोकळा टेकवला. मधोमध पंचने एक खळगा पाडला, म्हणजे ड्रिल घसरून अक्षरांवर जाणार नाही. मग अगदी सावकाश, जोर देऊन, मधूनमधून खोबरेल तेलाचा थेंब सोडत छोटं भोक. मग पायरीपायरीचं ड्रिल घालून ते हळूहळू मोठं. रेघेच्या जरा आतच थांबलो. उरलेलं काम अर्धगोल कानशीने, एकाच दिशेने. दोन हात मारायचे, सॉकेट लावून बघायचं, परत घासायचं. बाल्कनीत गरम खोबऱ्याचा वास सुटला होता. साताऱ्याचा इंजिनिअर आत येता येता म्हणाला, "वा, करंज्या का?"

शेवटी सॉकेट 'टक्' करून बसलं, आणि तसंच दुसरंही. आत जाणाऱ्या आवाजासाठी एक, बाहेर येणाऱ्यासाठी एक. बायकोने बाहेर येऊन दोन्ही भोकांच्या कडेवरून बोट फिरवलं, भांड्यांच्या दुकानात वाटी घेताना फिरवते तसं.

"लागत नाही कुठे," ती म्हणाली.

मी रंगमंचावर वाकतात तसा वाकलो. इंजिनिअरनेही टाळी वाजवली. मग मी मोठ्या दिमाखात डब्याचं झाकण उचललं, लावलं, आणि ते लागेना.

पोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला चांगली खोल कड असते. ती बाहेरून खाली उतरते. मी सगळी मापं झाकण बाजूला ठेवून घेतली होती. सासूबाईंची अक्षरं वाचवायला सॉकेट वर सरकवलं, ते नेमकं झाकणाच्या वाटेत आलं. आयुष्यातली सर्वांत स्वच्छ दोन भोकं, आणि डबा उघडा! उघड्या डब्यात घुं पावसासारखा शिरतो.

इंजिनिअर इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. "स्टेडियम बांधलं राव, आणि छप्पर गेटला अडकलं!"

बायको हसली नाही. ती हाताची घडी घालून उभी होती आणि मला कळत होतं की ती मनातल्या मनात मंडळाला नकार कळवते आहे. मग एकदम आत गेली, मांडणी खडखडली, आणि ती स्टीलची एक ताटली घेऊन आली. डब्यावर पालथी टाकली. बसली! काठ उथळ, सॉकेटच्या बराच वर थांबणारा.

"झाकण हरवलं की ताटलीच ठेवतो ना आपण?" ती म्हणाली. "त्यात एवढं काय!"

पालथ्या ताटलीच्या पाठीवर तिच्या मामींनी स्वतःचं आणि मामांचं नाव, मामांच्या हुद्द्यासकट, इतक्या ठळक अक्षरांत घातलं होतं की विमानातून वाचता यावं. सासूबाई आणि मामी यांचं कधी फारसं जमलं नाही. मी सर्किट आत बसवलं आणि त्या दोघींना स्क्रू मारून कायमचं एकत्र बसवलं.

दिवाळी पहाटेला हॉलमध्ये पोचलो. डबा स्टेजच्या कडेला ठेवला आणि मी गाडीतून केबल आणायला गेलो. परत येतो तर डबा नाही.

"इथला डबा कुठे गेला?"

"फराळाचा ना? कुणीतरी आत नेला," एक तरुण म्हणाला. त्याची काय चूक? दिवाळीच्या सकाळी, मराठी हॉलमध्ये, स्टीलचा डबा, वर ताटली. तो चिवड्याशिवाय दुसऱ्या कशाचा असणार?

बायको तंबोऱ्याचं यंत्र लावून स्टेजवर बसली होती. पडदा उघडायला थोडाच अवकाश होता. तिने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मी पळालो.

फराळाच्या टेबलावर डबेच डबे. सगळे स्टीलचे, अर्ध्यांवर ताटल्या, सॉकेटची बाजू नक्की भिंतीकडे वळलेली. मी वरून एकेक ताटली वाचत सुटलो: आत्याकडून, कंपनीकडून, सोसायटीकडून. आणि टेबलाच्या टोकाला एक काकू मामांच्या हुद्द्याखाली चमचा घालून ताटली उचकटत होत्या.

"फारच घट्ट बसलंय हो हे!"

"काकू, थांबा! त्यात चकल्या नाहीत!"

"मग काय आहे?"

"माझी बायको!" मी म्हणालो आणि डबा घेऊन धावलो. त्या काकू अजूनही माझ्याकडे जरा जपूनच पाहतात.

केबल लावल्या. पडदा उघडला. बायकोने लगेच सुरुवात केली नाही. डोळे मिटून तिने स्पीकरकडे कान दिला. मीही दिला. काही नाही. एवढं काही नाही, की मागच्या रांगेतल्या बांगड्या ऐकू आल्या. मग तिने सा लावला, अगदी हलका, आणि तो शेवटच्या भिंतीपर्यंत जाऊन टेकला.

मधेच बाहेर, रस्त्याच्या कामावरचा एक ट्रक मागे येऊ लागला. पीं, पीं, पीं. तिने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं, हा तुमचा नाही ना, अशा नजरेने. मी जोरात नाही म्हणून मान हलवली. तिने तो डोळा मिटला आणि ट्रक जाईपर्यंत त्याच आलापात मजेत फिरत राहिली.

घरी आल्यावर तिने डबा ओट्यावर ठेवला, नेहमीच्या जागी. मी वाट पाहत होतो, कौतुकाची.

"आता पोळ्या कशात ठेवायच्या?" ती म्हणाली. मग ताटलीखालच्या पट्टीवरून, दोन सॉकेटांच्या पलीकडे, बोट फिरवत थांबली. "अहो, इथे अजून एक बसेल का? पुढच्या वेळी तंबोराही यातूनच घेऊ."

मी ड्रिल आणायला उठलो, तेव्हा ती म्हणाली, "आधी ताटली लावूनच माप घ्या."