फरेबपुढची ओळ

“आजचा एक झाला, बेटा,” असं म्हणून खाला पेनला टोपण लावायच्या. दिवसाला एकच इंग्रजी शब्द. मी दुसरा सांगायला गेले की म्हणायच्या, “राहू दे. पहिला नाराज होते.”

जळगाव जामोदला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिवणाचं दुकान होतं; सगळी गल्ली त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. शिक्षण उर्दू शाळेतलं. मी शिकवते त्या इंग्रजी शाळेत शिवणकामाच्या बाई हव्या होत्या. खालांनी अर्ज केला आणि मुलाखतीच्या तयारीसाठी रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊ लागल्या. त्यांच्या मोबाइलवर उर्दू बोलणाऱ्यांसाठी रोज एक इंग्रजी शब्द यायचा. तो वहीत टिपायचा, पुढं उर्दूत अर्थ लिहायचा आणि माझ्याकडून वाक्य करून घ्यायचं.

आशा लागली की हातचं काम सोडून देणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लग्नसराई तोंडावर आली होती आणि खाला ब्लाउज परत पाठवत होत्या. “शाळेत लागल्यावर कुठून वेळ भेटन मले?”

मी वही पुढं ओढली. मी हजेरीपट घ्यायला शाळेच्या ऑफिसात गेले होते, तेव्हा टेबलावर नेमणुकीचं पत्र दिसलं होतं. त्याच जागेसाठी संस्थेच्या सचिवांच्या भाचीचं नाव, खाली सही. मुलाखती नुसत्या दाखवायला. पण माझी स्वतःची नोकरी कच्ची. बोलले आणि माझं नाव पुढं आलं तर? रोज ठरवायचे, आज सांगू. रोज स्पेलिंग सांगून मोकळी व्हायचे.

मग एक दिवस शब्द आला, डिसीव्ह.

“म्हंजे फरेब देणं, फसवणं,” खाला म्हणाल्या. “पण एक सांग बेटा, खोटं बोललं तरच फरेब? का गप्प बसणंही येते त्यात?”

त्यांनी सहजच विचारलं होतं.

“येतं.”

“मंग त लय लोक आले त्यात!” त्या हसल्या.

तेव्हा मान खाली घालून मी सगळं सांगून टाकलं. पत्र, भाची, सही.

“कधी पाह्यलं तुनं?”

“नऊ दिवस झाले.”

“नऊ शब्द,” खाला म्हणाल्या. वहीत काहीतरी लिहिलं, टोपण लावलं. ‘आजचा एक झाला’ म्हणाल्या नाहीत. वही तिथंच ठेवून गेल्या.

पुन्हा आल्या नाहीत. त्यांचं दुकान टाळायला मी मागच्या गल्लीनं शाळेत जाऊ लागले. महिन्याभरानं कळलं, दुकान बंद करून त्या लेकीकडे रोहिणखेडला गेल्या.

डिसीव्हपुढं उर्दूत पूर्ण ओळ आहे. मला उर्दू येत नाही, पण फरेब हा शब्द एवढा लांब नसणार, इतकं कळतं. शाळेत उर्दू वाचणारे शिपाईकाका आहेत. रोज ती वही पिशवीत घालून नेते आणि रोज तशीच परत आणते.